साबणाच्या वडीएवढा

बर्डीच्या दुकानात पोरानं तीन डबे काचेवर मांडले.
एकाला वायफाय, एकाला सात दिवसांचे सात प्रोग्राम,
तिसरा साधा, पांढरा, साबणाच्या वडीएवढा.
"आंटी, हा मोबाइलवर चालते.
तुम्ही बुटीबोरीले असल्या तरी घर थंडं."
म्हटलं, बाबा, मी बुटीबोरीला असताना
घरानं थंड होऊन करायचं काय?

एकतीस वर्षं मेडिकलला नर्स होते.
त्यातले अकरा मे महिने शीत वॉर्डात.
रिक्षावाले, रोडवर डांबर टाकणारे,
एकदा बँडमधला ट्रम्पेटवाला, झालरीच्या गणवेशासकट,
पारा एकशे सातच्या पुढं.
बर्फाच्या लाद्या फोडताना शिकले
की आधी थर्मामीटर तपासायचं, मग माणूस.
झटकायचं, स्वतःच्या बगलेत धरायचं.
खोटं बोलणारं थर्मामीटर ट्रेमध्ये
खऱ्यांच्या शेजारीच झोपलेलं असतं.

म्हणून विचारलं, लाइट गेली तर याला वेळ आठवते का?
पोरगं डबा उलटसुलट करून पाहू लागलं.
आमच्या मानेवाड्यात डीपीवर खार बसली तरी लाइट जाते.
परत आली की रात्रीचे बारा वाजलेत असं समजणारं यंत्र
भर दुपारी दोनला आख्खं घर निजवून टाकेल.
वायफायवाल्याला आठवत नव्हतं.
सात दिवसवाल्याचं त्यालाच माहीत नव्हतं.
वडीच्या पोटात दोन सेल होते.
हीच दे.

"कूलरले का झालं?" घरी यांनी विचारलं.
कूलरला काही नाही झालं.
वूडवूल नवी आहे, पंप लाथ मारली की चालतो.
झालंय ते तुम्हाला, मी म्हटलं नाही.
त्या गोळ्या सुरू झाल्यापासून घाम येत नाही,
तहान लागत नाही,
उकडतंय हे घरात सर्वांत शेवटी यांना कळतं.
मनीनं पैसे पाठवले म्हणून एसी आला,
गरम-थंड दोन्हीचा, डिसेंबरातही कामी पडणारा.
पण तो चालू करायला हवा हेही
ज्याला उकडतं त्यालाच सुचतं.

इर्शाद ड्रिल घेऊन आला. पुस्तक वाचलं त्यानं मोठ्यानं:
उन्हाच्या भिंतीवर नको, दाराजवळ नको,
टीव्हीच्या वर नको, सैपाकघराला लागून नको.
पश्चिमेची भिंत मी रात्री अकराला चाचपते,
एकशे दोन ताप असतो तिला.
"हे जिथं टांगलं तिथलंच सांगते काकू,
माणूस बसते कुठं?"
आम्ही दोघं एकमेकांकडे पाहिलं.
हे खिडकीशी, पश्चिमेच्या, रोड दिसतो म्हणून.
मी ओट्याशी.
पुस्तकाला पसंत अशी एकच जागा निघाली,
मधल्या खोलीत, बँकेच्या कॅलेंडरखाली,
जिथं चाळीस वर्षांत कुणी टेकलं नव्हतं.

भिंत हलेना, तर खुर्ची हलवली.
"इथून रोड नाही दिसत," हे म्हणाले.
आणि तीन दिवस म्हणत राहिले.
चौथ्या दिवशी मी गहू निवडायला तिथंच बसले,
तेव्हा म्हणाले, बरं आहे इथं.

सकाळी सहाला एकोणतीस.
अकरापासून सत्तावीस.
रात्री तीनला अठ्ठावीस, तेव्हा यांचे पाय गार पडतात.
डिसेंबरचं डिसेंबरात पाहू.

काल दोनदा लाइट गेली. वेळ आठवली त्याला.
रात्री उठून मी माझं जुनं पाऱ्याचं, भिंतीचं थर्मामीटर
त्याच्या शेजारी धरून उभी राहिले दहा मिनिटं.
तो सत्तावीस म्हणत होता. पारा अठ्ठावीस.
आजही तेच. परवाही पाहिलं, तेच.
कॅलेंडर उचलून मागं पेन्सिलीनं लिहिलं:
एक कमी सांगतो, रोज तेवढाच.
मग यांच्या मानेला हात लावला.
"किती झालं?" झोपेतच विचारलं यांनी.
सत्तावीस, मी म्हटलं.