पुढचा उजवा

साठच्या वर काटा गेला की सुरू होतं.
आधी घूं, मग घुर्रर्र,
दात नसलेल्या म्हाताऱ्यानं खडीसाखर चघळत बसावं
तसं काहीतरी.
नारिन सोडून आत-बाशीच्या रस्त्याला लागले
की पुढून, चाकातून की ब्रेकमधून कोण जाणे,
महिनाभर हे माझ्या सोबतीला.

मागच्या सीटवर बर्फातला लसींचा डबा,
डिकीत रबरी बूट, दोराचे वेढे,
आणि वाटेत उचललेली माणसं.
प्रत्येकाकडे निदान तयार.
पांढऱ्या टोपीतले आजोबा म्हणाले, ब्रेक पॅड संपलेत, पोरी.
मांडीवर खरबूज घेऊन बसलेली बाई म्हणाली,
डावीकडे आहे, बघ, डाव्या वळणालाच वाढतं.
एक शाळकरी पोरगं म्हणालं,
रेडिओ मोठा कर.

पॅड बदलले.
ब्रेक दाबला तरी तेच, सोडला तरी तेच.
म्हणजे ब्रेक नव्हेच,
हे पैसे मोजायच्या आधी कळायला हवं होतं मला.
मी जनावरांची डॉक्टर.
घोडा कुठल्या पायानं लंगडतो
ते वीस पावलांत सांगते:
पुढचा दुखरा पाय टेकला की मान वर जाते,
चांगला टेकला की खाली.
मालक नेहमी भलताच पाय धरून उभा असतो.

मग डावं बेअरिंग. बाजाराजवळच्या पोरानं घातलं,
टायरवर थाप मारून म्हणाला, झालं.
घुर्रर्र.

शेवटी उस्ता तोलोमुशकडे.
तीस वर्षं ट्रॅक्टरच्या इंजिनांपाशी काढली,
दोन्ही कान तिथेच ठेवून आला.
आवाज कसा येतो, त्यानं ओरडून विचारलं.
मी सांगितलं. त्यानं मान हलवली, तसं नको,
करून दाखव.
तर मी, सरकारी कोट घालून, भर अंगणात
घूं केलं, घुर्रर्र केलं,
वळण घेताना वाढतं तेही हात वाकवून केलं.
कोंबड्या पांगल्या.
तो माझ्या ओठांकडे बघत होता,
हसला नाही.

डावीकडे वळलीस की भार कुठे पडतो?
उजवीकडे, मी म्हटलं,
आणि म्हणतानाच कान तापले.
घोडा गोल फिरवला तर बहुधा आतल्या पायानं रडतो,
गाडी बाहेरच्या.
शिवाय माझी गाडी जपानहून आलेली, स्टिअरिंग उजवीकडे,
म्हणजे महिनाभर ते माझ्याच बुटांखाली होतं
आणि मी पलीकडे शोधत होते.

जॅक लावला. चाक हातानं गरगर फिरवलं,
दुसरा तळवा स्प्रिंगवर.
डोळे मिटले नाहीत, काही नाही,
भिंतीवरच्या लगामाकडे बघत उभा राहिला.
मग माझं मनगट ओढून
माझा हात तिथे ठेवला.

ओळखीचं होतं.
न्यूमोनिया झालेल्या वासराच्या बरगड्यांवर
हात ठेवला की आतून येते तीच चरचर,
लोखंडाची.
पन्नास वेळा तरी ती माझ्या तळव्याला लागली असेल.
गाडीला हात लावून बघावा, हे सुचलं नव्हतं.

काढलेलं बेअरिंग त्यानं चिंधीत गुंडाळून दिलं.
बोटानं फिरवलं की अजून कुरकुरतं.
मजुरी घेईना. म्हणाला, मेंढ्या आजारी पडल्या की ये,
आणि तोंडानं नको, मेंढ्यांचा आवाज मला आठवतो.

परत निघाले तेव्हा पन्नास, साठ, सत्तर.
काही नाही.
काही नाही, आणि मग मागून
बारीक किणकिण: रिकाम्या लसींच्या बाटल्या
डब्यात एकमेकींना लागत होत्या.
वर्षभर लागत असतील.
पुढे पुलाजवळ रस्ता डावीकडे वळतो.
तिथे मी अजून, उगीचच,
श्वास धरते.