जाड ष

शनिवारी दिवेलागणीला मजकूर आला.
आबाजीपंतांचं अक्षर धावतं, शाई अजून ओली,
सोबत एका पत्राची नक्कल:
कारभारी नरसोपंत किणीकरांनी
कुणा वैद्याला लिहिलेलं, म्हणे.

मी अर्थ लावला नाही.
जुळाऱ्यानं अर्थ लावायचा नसतो.
खिळा उचलायचा, उलटा बसवायचा,
खऱ्याखोट्याचं वजन
बोटांना सारखंच लागतं.

'विष' चार वेळा होतं.
चौथ्याला ष संपला.
मग जुन्या पंचांगाच्या घरातला घेतला,
एक जाड, काळाकुट्ट ष,
आणि फर्मा आवळला.

सोमवारी पापाच्या तिकटीला
रावजी न्हाव्याच्या ओट्यावर
एक अंक, चाळीस कान.
वाचणारा थांबला, बोट ठेवलं:
"हे बघा की, ठळक छापलंय!
उगंच छापतील व्हय?"
अर्ध्या दाढीचा माणूस फेस तसाच ठेवून उठला,
बघायला.

त्या ओट्यावर
कुणालाच वाचता येत नव्हतं धड,
पण काळा रंग सगळ्यांना कळतो.

आठ दिवसांत कारभाऱ्यांच्या घरचं हळदीकुंकू
बायकांवाचून पार पडलं.
रंकाळ्यावर ते फिरायला निघाले की
समोरचे लोक पाण्याकडं बघायचे.

पुढं खटला. पत्र बनावट निघालं.
आबाजीपंतांना चार महिने, दंड, आणि माफी.
माफी मीच जुळवली,
चौथ्या पानावर, बारीक ठशात,
छत्र्यांच्या जाहिरातीखाली.
'निर्दोष'ला ष पुन्हा कमी पडला.
तोच जाड ष बसवला मी,
या खेपेला मुद्दाम.

तो अंक रावजीनं वस्तरा पुसायला घेतला.

कारभारी मात्र आले. स्वतः, पायी,
गंगावेशीतल्या आमच्या बोळात.
एक आणा ठेवला, उभ्यानं वाचलं,
त्या शब्दावर नखानं जरा खरवडलं,
छापील आहे की डाग, बघत असावेत.
"छपाई बरी आहे तुमची," म्हणाले,
आणि चौघडी करून अंगरख्यात घातला.

मी हात जोडायला हवे होते.
हातांना शाई होती.

रात्री फर्मा सोडला, खिळे धुतले,
ष जुन्या घरात टाकताना
क्षणभर मुठीत धरला.
मग टाकला.
आषाढाचं पंचांग यायचं होतं.