मूळ आकडा

सेलूत, स्टेशन रोडला, लॅबचं शटर अर्धं ओढून
रात्री साडेदहाला मी माझी टीम उघडतो.
वेस्ट हार्लो कॉलेज. असं गाव अमेरिकेत आहे की नाही
मला ठाऊक नाही. बास्केटबॉलच्या या गेममध्ये आहे,
प्रतिष्ठा : दोन.
पाचापैकी.

दोन का, असं विचारायला जागा नाही.
नियमांच्या पानावर एवढंच आहे की
प्रत्येक कॉलेजाला एक मूळ आकडा असतो,
जिंकाल तर त्याच्या वर जाल, हराल तर खाली,
आणि हंगाम संपला की तो तुम्हाला
हळूच आपल्याकडे ओढून घेईल.
‘हळूच’ त्यांचं नाही. ते मी घातलं.

कागदावरची साडेसहा फुटी पोरं गोळा केली,
मोठ्या कॉलेजांनी ज्यांची फाईलही उघडली नव्हती.
त्यात ऑकली नावाचा एक सेंटर,
फ्री थ्रो शंभरात अठ्ठेचाळीस.
चार हंगाम त्याला दुसरं काही शिकवलंच नाही.
शेवटच्या हंगामात एकाहत्तर,
आणि आम्ही शेवटच्या सोळांत.
आकडा तीनच्या पुढे सरकला तेव्हा
मी सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर थाप मारली.

मग दोन पूर्णांक सहा.
मग दोन पूर्णांक दोन.
फार हरलो होतो असंही नाही. दिवस गेले होते, बस.

मुख्तारभाईचं परभणीला टायरचं दुकान.
त्याच्याकडे पाचवालं कॉलेज, पहिल्या दिवसापासून.
फोनवर म्हणाला, “समदे सारखे केले की मग
मला हरवून तुला काय भेटल रे?
डोंगरच नसल तर चढतो कशावर?”
म्हणलं, “डोंगरावर तू जन्मलास, भाई.”
हसला.
पण त्याला एकदा, एकदाच, दोन गुणांनी हरवलं होतं
आणि त्या रात्री मला झोप आली नव्हती.
हे त्याला सांगितलं नाही.

(खरा सामना मी एकच खेळलोय, नांदेडला.
एकसष्ट-चौदा.
चौदातले चार माझे.)

गुरुवारी देवगाव फाट्याहून एक मुलगी येते, आईबरोबर.
हिमोग्लोबिन सात पूर्णांक चार.
गोळ्या चालू केल्या, दहाच्या वर गेलं.
गोळ्या संपल्या, पुन्हा सात पूर्णांक नऊ.
आई म्हणाली, “हिचं असंच हाय, मुळातच.”
रिपोर्टच्या उजव्या रकान्यात बारा ते पंधरा असतं.
तो रकाना मी भरत नाही.
तो छापूनच येतो.

दिवाळीनंतर मला पाचवाल्या एका कॉलेजाचं बोलावणं आलं.
विचार करायला तीन दिवस होते.
मी दोन मिनिटं घेतली.

आता पोरं आपणहून येतात.
मी शोधत नाही, नको म्हणतो.
नको म्हणण्याचं एक बटण आहे,
ते इतकं मोठं असतं हे मला आधी माहीत नव्हतं.

मग गेमवाल्यांनी सगळ्यांना विचारलं :
मूळ आकडा काढून टाकायचा का? हो, नाही.
हाच प्रश्न मी त्यांना चार वर्षं लिहून पाठवत होतो.
मुख्तारभाईनं ‘हो’ दिलं.
“कामून?”
“कंटाळा आला, गड्या. कुणी अंगावर येतच नाही.”

माझं बोट थांबलं.
मी म्हणालो, मनातच, की हे पाच मी कमावलेत,
वेस्ट हार्लोतून चालत आलोय.
आणि हे म्हणताना माझा आवाज
नांदेडच्या त्या पोरांसारखा आला,
ज्यांनी सामन्यानंतर आम्हाला पाणी विचारलं होतं.
फार सभ्य होती पोरं.

मुदत बाराला संपत होती.
बाराला मी काचनळ्या धूत होतो.
धुतलेल्याच पुन्हा धुतल्या.

नंतर सहज वेस्ट हार्लो उघडून बघितलं.
आता त्याला कुणी नाही, कॉम्प्युटरच चालवतो.
अकरा जिंकले, एकोणीस हरले.
प्रतिष्ठा दोन, अगदी नेमकी दोन.
यादीत एक नवा सेंटर, सहा फूट नऊ,
फ्री थ्रो शंभरात शेहेचाळीस,
आणि त्याच्या सरावाचा रकाना
कोरा.