घसारा

माझ्या खुर्चीला घसारा मिळतो.
दरसाल दहा टक्के, मूळ किमतीवर.
आता पुस्तकात ती एक रुपयाची उरली आहे
आणि मी तिच्यावर बसून
जिल्ह्याची संपत्ती मोजते.

ट्रकला मिळतो, गुऱ्हाळाच्या चरकाला मिळतो,
काहिलीला मिळतो,
भवानी मंडपाजवळच्या झेरॉक्सच्या यंत्राला मिळतो.
पंचगंगेला मिळत नाही.
ती पुस्तकातच नाही,
मग झिजणार कुठून?

यंदा वरून नवा तक्ता आला.
स्तंभ अकरा : नैसर्गिक भांडवल.
वर्षारंभी किती, वर्षअखेर किती,
फरकाची कारणे थोडक्यात.
'थोडक्यात'खाली कुणीतरी
आधीच रेघ मारलेली.

चपलांच्या गल्लीत कल्लाप्पा
हिरड्याच्या पाण्यातून कातडं वर काढत होता.
हिरड्याचा भाव विचारला.
किलोचा सांगितला त्यानं, भाड्यासकट.
आणि झाडावर असतो तेव्हा?
"झाडावर हाय तवर त्यो माकडाचा."
मी लिहिलं : राधानगरीचं रान, शून्य.
मग खोडलं.
खाडाखोडीवर सही लागते. केली.

पुराच्या पुढच्या वर्षी
आमचा आलेख चढला होता, आठवतं.
नव्या गाद्या, नवी कपाटं, शाहूपुरीतल्या दुकानांना नवे रंग,
सिमेंट, मोटारींचं रिवाइंडिंग, सगळं उत्पन्नात.
वाहून गेलेलं कुठंच नव्हतं.
बेरीज बरोबर होती. मी दोनदा पडताळली होती.

शिरोळकडं बसनं गेले, मांडीवर जुनी वही.
शहात्तर सालची. कुणी माणगावे नावाचे कारकून,
अक्षर बारीक, शाई जांभळी :
नेमगोंडा यांची विहीर. पाणी तीन परस खोल.
परस म्हणजे हात वर केलेला एक उभा माणूस.
तीन माणसं एकावर एक,
आणि मग पाणी.

आता नेमगोंडांचा नातू आदगोंडा
काठावर नुसता वाकतो आणि हात भिजवतो.
मी हिशेब केला. अडीच परसानं वाढ!
पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

"ल्हिवा की," तो म्हणाला, "पाणी वर आलं.
त्येच्यासंगं मीठ वर आलं, त्ये कुटं ल्हिणार?"

रान पांढरं होतं,
रांगोळीचा डबा कलंडल्यासारखं.
आजोबांनी ऊस लावला, वडिलांनी ऊस लावला,
पाट बारा महिने वाहता.
कारखान्याच्या पावत्या लोखंडी पेटीत जपलेल्या.
एकेक टन आमच्या वहीत चढलेला,
एकेक टन खरा.
त्यानं बोटाला माती लावून जिभेवर ठेवली.
मीही ठेवली.
खारट तर होतीच. मागून काहीतरी कडू.

विकली तर काय येईल ह्या मातीचं?
विचारणं माझं कामच.
"भट्टीवाला बघून गेला," तो म्हणाला,
"इटास्नी बी चालत न्हाई.
आता खालनं पायपा पुराय लागलोय.
पाच-सा वर्सांत गोडी येती म्हन्त्यात."
मी पाइपांची लांबी टिपून घेतली.
पाइपांना घसारा मिळेल.

चिमूटभर माती कागदात बांधून
तक्त्याला टाचणीनं लावली.
संध्याकाळी साहेबांचा फोन :
अकरा रिकामा नको, शून्य तरी टाका.
शून्यही आकडाच आहे साहेब, म्हणायचं होतं.
म्हटलं, हो.

रात्रभर मिठानं हवेतली ओल ओढली.
कागद दमटला, शाई फुटली,
अकराच्या चौकटीतून दहात शिरली,
जिथं उसाचं उत्पन्न लिहिलं होतं.
साहेब म्हणाले, डाग पडलाय, दुसरी प्रत काढा.

मंडपाजवळच्या झेरॉक्सवाल्यानं काढून दिली.
डाग तिच्यातही होता. फिकट.
दोन रुपये झाले.
पावती घेतली.