चिमटा

माझं काम चिमटे पाडण्याचं.
औलूच्या विद्यापीठात, तळमजला, खोली सतरा.
दोरीवर टॉवेल वाळत घालायचे, तेही कोरडेच,
आणि चौथ्या टॉवेलला चिमटा हातातून निसटू द्यायचा.
मग हात लांबवायचा, पोचणार नाही इतकाच.
"अगं बाई" म्हणायचं. एकदा.
"दे" म्हणायचं नाही.
दिला तर "शाबास" नाही.

समोर बसलेलं असतं दीड वर्षाचं कुणीतरी,
लाळेरं बांधलेलं.
काचेमागे घड्याळ घेऊन साल्मेलाबाई.
तक्त्यात रकाना एकच: सेकंद.

साइमी, सहा.
ओक्को, चार; हातातला बंब टाकून आला.
जुळ्यांची मारामारी झाली,
चिमटा कोणी द्यायचा यावरून.
तिथे बाईंनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घातलं.

दुसऱ्या फेरीत मी चिमटा मुद्दाम फेकते.
तेव्हा सहसा कुणी उठत नाही.
पडलेलं आणि टाकलेलं
त्यांना बोलता येण्याआधी कळतं.

परवा एक आली, हेल्का नावाची.
चिमट्याकडे तिने पाहिलंही नाही.
माझ्या लांबवलेल्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ,
मग तोंडातली चोखणी काढून
माझ्या तळव्यावर ठेवली.
ओली, कोमट.
बाईंनी लिहिलं: साठ सेकंद, दिला नाही.

तीन वाजता अंधार पडतो इथे.
बसथांब्यावर माझ्या पुढच्या म्हाताऱ्याचा
हातमोजा गळला, तो पायरी चढत होता.
एक, दोन, तीन,
सवयीने मी मोजत राहिले.
पाच. पडला की टाकला?
आठ. हाक मारावी तर नाव माहीत नाही.
अकराला दार मिटलं, बस गेली.

कळ त्याच्या बोटांत जाईल आता,
पुढच्या थांब्यापर्यंत त्याला कळेलही.
माझा कळवळा
बर्फात उभा, नेमका मोजलेला.

कोटाच्या खिशात एक चिमटा निघाला, लाकडी, प्रयोगातला.
हातमोजा उचलून मी कुंपणाच्या तारेला लावला.
कितीतरी महिन्यांनी
खरंच ओलं असलेलं काहीतरी.

सकाळी तिथूनच गेले. नऊला पुढचं मूल होतं.
रात्रभर बर्फ पडत होता.
हातमोजा भरून गेला होता, बोटांच्या टोकांपर्यंत,
फुगला होता,
जणू आत कुणाचा तरी हात आहे.
मी आधी इकडेतिकडे पाहिलं,
मग तो धरला.