टोपणभर

पहाटे साडेचार. लोफोटेनच्या धक्क्यावर उणे सात.
हॉल्डिस टाकीचं झाकण उघडते.
भाऊ अंदाजानं ओतायचा,
त्याच्या मनगटालाच माप होतं.
ही टोपणानं मोजते: शंभर लिटरला दोन,
आणि कुणी बघत नसताना अर्धं आणखी.

डिझेलमधलं गंधक काढून टाकलं त्यांनी.
हवेसाठी बरंच झालं, तीही म्हणते.
पण एकाहत्तर सालच्या पंपाला
कोरडा घास उतरत नाही;
आत पोलादावर पोलाद घासतं,
ते कानाला नाही, तळपायाला कळतं.

शेजारच्या बोटीवरून ओस्मुन्द हसतो:
"बाटलीत पाणी भरून विकतात गं!
नवं इंजिन घे."
हं, म्हणते ती.

बटण दाबते.
नाही.
पुन्हा. नाही.
तिसऱ्यांदा ते घसा खाकरतं,
काळा धूर, मग करडा, मग
ज्याला ती धूर म्हणत नाही तो.

टोपण पुसून ती कोटाच्या खिशात टाकते.
कोट भावाचा, खिशाच्या शिवणीत अजून तंबाखूचा चुरा.

बाटलीचा भाव यंदा वाढलाय.
कॉडचा नाही.
दोर सोडते.