पंच क्रमांक दोन

नाव बाळगोंडा आप्पासो खोत, वय बावन्न,
धंदा वजनकाटा, राहणार शिरोली.
एवढं लिहून घेऊन हवालदार नेजदार म्हणाले,
चला, सहीला माणूस पाहिजे.

रस्त्यापलीकडं शेड. आधी फाउंड्री होती,
मंदीत बंद पडली, मग पाटी लागली:
सर्व जातींची पिल्लं मिळतील.
पहिली दोन वर्षं भुंकणं ऐकू यायचं
उसाच्या ट्रॉल्यांतल्या गाण्यांच्याही वर.
मग कमी कमी होत गेलं.
मला वाटलं, धंदा बसला असेल.

शटर वर गेलं.
नेजदारांनी नाकाला रुमाल लावला,
डॉक्टर सुनेत्रा मगदूम यांनी नाही लावला.
त्या बोट दाखवत पुढं, मी आकडा म्हणत मागं.
एक. दोन. तीन, हिच्या मानेत साखळी रुतलेली.
चार.
चार आहे का गेलाय?
आहे.
सत्ताविसाला मी चुकलो.
दिवसाला दीडशे गाड्या मोजणारा माणूस.
परत पहिल्यापासून, त्या म्हणाल्या.

जिवंत त्रेसष्ट.
बाकीचे गोणपाटाखाली, त्यांचा कागद वेगळा.
पिंजऱ्यांपासून चार हातांवर नळ.
नेजदारांनी सोडून बघितला, पाणी आलं.
लिहा, म्हणाले, नळ चालू स्थितीत.
त्या धारेच्या आवाजानं
सगळी शेड एकदम उभी राहिली.

पंचनाम्यात कुत्रं हा शब्द एकदाच येतो,
पुढं सगळा मुद्देमाल.
मुद्देमाल क्रमांक एकेचाळीसनं माझी बोटं चाटली,
शाईसकट.
ते कुठल्या रकान्यात घालायचं
कुणी सांगितलं नाही.

तक्रार तबस्सुम मुल्लाणीची.
कुरिअर द्यायला आली होती ती,
दाराखालून बाहेर आलेला पंजा दिसला.
ती तिथं दोन मिनिटं होती.
मी अकरा वर्षं समोर बसतो.

कसबा बावड्याला चार तारखा झाल्या.
एकदा साहेब रजेवर, एकदा वकिलांचं काम बंद,
एकदा पुराचं पाणी महामार्गावर,
एकदा नुसतंच, पुढची तारीख.
जिन्यात वकीलबाई हुक्केरी म्हणाल्या,
कायदा साठ सालचा, पहिल्या गुन्ह्याला दंड फार तर पन्नास रुपये.
माझ्या काट्यावर रिकामी गाडी चढवायला शंभर पडतात.
पावतीच्या पाठीवर गुणाकार केला,
त्रेसष्ट गुणिले पन्नास, तीन हजार एकशे पन्नास.
ते तरी त्रेसष्ट वेळा धरतील का, मी विचारलं.
वाद तोच आहे खोत, त्या म्हणाल्या,
म्हणून तर दुसरीही कलमं लावलीत.
आणि फाईल काखेत मारून वर गेल्या,
गुडघे दुखतात त्यांचे, तरी दोन दोन पायऱ्या.

पाचव्या तारखेला मला पुकारलं.
तुम्ही समोरच बसता?
होय.
भुंकणं ऐकू येत होतं?
होय.
कधी तक्रार केली?
वर पंखा फिरत होता. मालक मोबाईलमध्ये बघत होता.
नाही.
म्हणजे तक्रार करण्यासारखं काही नव्हतं.
साहेब, करण्यासारखं होतं,
करणारा नव्हता.
टाईप करणारी मुलगी थांबली.
बाई न्यायासनावरून म्हणाल्या, जसंच्या तसं लिहा.

एकेचाळीस आता माझ्याकडं.
हमीपत्रावर सही आहे, कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन.
विकणार नाही, बाहेर पाठवणार नाही,
मेलं तर कळवीन.
बायको त्याला नाव ठेवू देत नाही,
निकाल लागू दे म्हणते, आणि स्वतः
भाकरीचा पापुद्रा काढून त्याला बोलावते,
ये रं एक्केचाळीस.

माझा काटा साठ टनांचा. वीस वीस किलोंनी हलतो,
त्याच्याखालचं त्याला कळत नाही.
आणलं त्या दिवशी त्याला वर उभं केलं,
पडद्यावर शून्य.
परवा गाडी नव्हती, ऊन उतरलं होतं,
ते आपलं आपणच चढलं, मधोमध बसलं,
रस्त्यापलीकडच्या सील लावलेल्या शटरकडं तोंड करून.
मी आत केबिनमध्ये बघतोय,
शून्य, वीस,
शून्य,
वीस,
आकडा काही ठरेना.
मी खाली उतरव म्हणून हाक नाही मारली.